झाकली मूठ साडेबहात्तर वर्षांची

महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

सादर नमस्कार.

दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ आपल्या हाती येते. त्या जाड पुस्तकात सिंचन, कर्ज, दरडोई उत्पन्न यांच्या तक्त्यांवर सभागृहात आणि बाहेर भरपूर बोलले जाते. त्याच पुस्तकात राज्याच्या लोकसंख्येविषयीच्या पानांवर एक छोटा आकडा असतो, जन्माच्या वेळच्या अपेक्षित आयुर्मानाचा. तो बहुतेक वेळा थोडासा वाढलेला असतो, देशाच्या सरासरीपेक्षा वर असतो, आणि म्हणूनच त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. माझे म्हणणे त्या एका आकड्याबद्दल आहे. तो खोटा नाही. पण गडचिरोली, नंदुरबार, मुंबई आणि सिंधुदुर्ग यांना एका मुठीत झाकून तो समोर येतो, आणि ही मूठ उघडण्यासाठी लागणारी बहुतेक सामग्री आज सरकारच्याच दप्तरांत पडून आहे. प्रत्येक जिल्ह्याचे आयुर्मान राज्याने स्वतः काढावे आणि आर्थिक पाहणीत छापावे, यासाठी आपण आग्रह धरावा, एवढीच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी धुळ्याच्या बाजूला अनेक वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले. अभ्यासक्रमात आयुर्मान-सारणी नावाचा एक रुक्ष भाग असायचा, आणि तो शिकवताना दरवर्षी कोणी ना कोणी विचारायचेच : “मॅडम, राज्याचे आयुर्मान ५४ होते तेव्हा माणसे चोपन्नाव्या वर्षी मरायची का?” हा गैरसमज वर्गापुरता नाही, तो मी मंचावरच्या भाषणांतही ऐकला आहे, म्हणून आधी दोन शब्द त्याविषयी. आयुर्मान हे भाकीत नव्हे. एक लाख बाळे आज जन्मली आणि आजच्या घडीला प्रत्येक वयात मृत्यूचे जे प्रमाण आहे तेच त्यांना जन्मभर लागू राहिले, तर ती सगळी मिळून सरासरी किती वर्षे जगतील, याचा तो हिशेब असतो. त्यामुळे पहिल्या महिन्यात गेलेले एक बाळ या बेरजेतून सत्तर-बहात्तर वर्षे घेऊन जाते, तर पासष्टाव्या वर्षी गेलेला माणूस जेमतेम पंधरा. आपल्याकडे थोरामोठ्यांना वाकून नमस्कार केला की ते ‘औक्षवंत हो’ म्हणतात. सारणीच्या भाषेत तो आशीर्वाद नमस्कार करण्याएवढे वय गाठलेल्यांसाठी उशिराचाच. खरी गरज पाळण्यातल्या बाळाला होती.

भारताच्या महानिबंधकांकडून चालवल्या जाणाऱ्या, निवडक गावे-वस्त्यांतील जन्म-मृत्यू मोजणाऱ्या नमुना नोंदणी योजनेच्या आधारे राज्यांचे आयुर्मान १९७० नंतर सलग उपलब्ध आहे. १९७०-७५ या पाच वर्षांत महाराष्ट्राचे आयुर्मान ५३.८ वर्षे होते, देशाचे ४९.७. २०१०-१४ मध्ये महाराष्ट्र ७१.६ वर पोचला आणि २०१४-१८ मध्ये ७२.५ वर, तेव्हा देश ६९.४ वर होता. साधारण साडेचार दशकांत जवळपास एकोणीस वर्षांची भर, ही कोणत्याही मोजपट्टीने मोठी गोष्ट आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशाचे आयुर्मान अवघे बत्तीस वर्षांच्या आसपास होते आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली होती, हे आठवले म्हणजे तिचे मोल आणखी कळते.

या एकोणीस वर्षांपैकी किती बाळांमुळे आली, याचा एक ढोबळ हिशेब मी विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घेत असे. १९७१ मध्ये राज्यात हजार जिवंत जन्मांमागे १०५ बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. तो दर धरला तर त्या काळी पहिला वाढदिवस गाठलेल्या बाळाचे उरलेले आयुर्मान ५९ वर्षांच्या जवळ येते, म्हणजे जन्मलेल्या बाळापेक्षा पाच वर्षांनी जास्त. वय एकाने वाढले आणि उरलेले आयुष्यही वाढले, हे ऐकून वर्ग दरवर्षी चकित व्हायचा. आता नुसता अर्भक मृत्युदर १०५ वरून २०१४-१८ मधल्या सरासरी २० पर्यंत आणला आणि बाकी सगळे जसेच्या तसे ठेवले, तर राज्याचे आयुर्मान ५९ च्या जवळ जाऊन थांबते. म्हणजे एकोणीसपैकी सुमारे पाच वर्षे पहिल्या वाढदिवसाआधीच्या मृत्यूंवर मिळवलेल्या विजयाची. उरलेली चौदा एक ते चार वर्षांची मुले वाचल्यामुळे, बाळंतपणात बायका वाचल्यामुळे आणि मोठ्या माणसांच्या मृत्यूचे प्रमाण उतरल्यामुळे आली.

ही भर कुठून आली याचे श्रेय कोणा एकाला देता येणार नाही, तरी काही गोष्टी ठळक आहेत. आयुर्मानाच्या या आकड्यांच्या मालिकेची सुरुवातच १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षांत झाली, हा योगायोग माझ्या मनात नेहमी घोळतो. ज्या संकटात शंभर वर्षांपूर्वी गावेच्या गावे ओस पडली असती, त्यात लाखो लोक खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या कामांवर गेले, मुलांना सुकडी मिळाली आणि भूकबळींचा तो जुना डोंगर उभा राहिला नाही. त्यातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला, जो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. आयुर्मानाच्या चर्चेत रोजगार हमीचे नाव कोणी घेत नाही, कारण ती आरोग्य खात्याची योजना नव्हती. त्याच सुमारास, १९७० मध्ये, अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर) जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. सुरुवातीला त्या गावांत हजारी १७६ च्या घरात बाळे दगावत होती, आणि गावातल्याच, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन पुढच्या दोन-अडीच दशकांत हे प्रमाण चौथ्या हिश्श्याहूनही खाली आणले गेले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत बसवली आणि नवजात मृत्यू साठ टक्क्यांच्या आसपास घटल्याचे १९९९ मध्ये जगापुढे ठेवले. पुढे २०११ पासून हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. लसीकरण, प्राथमिक आरोग्य केंद्रे, मुलींचे शिक्षण, हातपंप, २०१४ पासूनची १०८ ची रुग्णवाहिका, हे सगळे आहेच. राज्यात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होते, ते २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ९४.७ टक्के झाले.

इथवर कौतुक आहे आणि ते मनापासून आहे. आता याच मालिकेतली दुसरी बाजू पाहावी. १९७०-७५ मध्ये आपण देशाच्या ४.१ वर्षे पुढे होतो. २०१४-१८ मध्ये ३.१ वर्षे पुढे होतो. मागच्यांनी आपल्याला गाठत जावे यात वाईट काही नाही. उत्तर प्रदेश ४३ वरून ६५ च्या पुढे गेला ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण तमिळनाडूचे काय? १९७०-७५ मध्ये तमिळनाडूचे आयुर्मान ४९.६ होते, म्हणजे तेव्हा ते राज्य आपल्या चार वर्षे मागे, देशाच्या सरासरीवर होते. आज ते आपल्या बरोबरीला उभे आहे. केरळ तेव्हा ६२ वर होता, आता ७५ च्या पुढे आहे. सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेल्या राज्याने अजून केरळ गाठलेला नाही. सुरुवातीला पुढे असणे आणि वेगाने पुढे जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिलीवर समाधानी राहिलो असे मला वाटते.

वेग का कमी पडला याचे उत्तर राज्याच्या सरासरीत सापडणार नाही, ते जिल्ह्यांत सापडेल. आणि इथेच गाडी अडते, कारण जिल्ह्याचे आयुर्मान सांगणारा अधिकृत आकडा महाराष्ट्रात नाही. नमुना नोंदणी योजनेचा नमुना राज्याच्या सरासरीसाठी पुरेसा असतो. ग्रामीण-शहरी आणि स्त्री-पुरुष एवढे भाग पाडता येतात, त्याखाली उतरले की नमुना अपुरा पडतो. हा त्या योजनेचा दोष नव्हे, ती त्यासाठी बनलेलीच नाही. २०१० नंतरच्या काही वर्षांत केंद्राने नऊ राज्यांतील २८४ जिल्ह्यांसाठी वार्षिक आरोग्य सर्वेक्षण केले आणि बिहार, ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश अशा राज्यांना जिल्हावार अर्भक मृत्युदर मिळाले. महाराष्ट्र त्यात नव्हता, कारण आपण मागासांच्या यादीत नव्हतो. सातपुड्याच्या एका उतारावर मध्य प्रदेशातल्या बडवानीला आकडा मिळाला आणि दुसऱ्या उतारावरच्या आमच्या नंदुरबारला नाही. प्रगत राज्यात असण्याची ही किंमत आम्ही मोजली. राज्याच्या २००२ च्या मानव विकास अहवालातही जिल्ह्यांच्या आरोग्याचा निर्देशांक काढताना आयुर्मानाऐवजी अर्भक मृत्युदरावर भागवावे लागले होते. दहा वर्षांनी आलेल्या पुढच्या अहवालात मुंबईचा मानव विकास निर्देशांक ०.८४१ आणि नंदुरबारचा ०.६०४ असा, पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकाचा होता. एवढी दरी असताना दोन्हीकडचे लोक सरासरी साडेबहात्तर वर्षे जगतात असे मानून आपण नियोजन करतो.

२०११ च्या जनगणनेनुसार राज्यात १ कोटी ५ लाख आदिवासी आहेत, लोकसंख्येच्या ९.४ टक्के. नंदुरबारात तर दर दहा माणसांत सात आदिवासी. आदिवासी आरोग्यावरील राष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात देशातील आदिवासींचे आयुर्मान ६३.९ वर्षे आणि सर्वसाधारण लोकसंख्येचे ६७ वर्षे असे मांडले होते. त्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्रातलेच, डॉ. अभय बंग. पण महाराष्ट्रातील भिल्ल, पावरा, कोरकू, माडिया किंवा कातकरी किती वर्षे जगतात, याचे उत्तर राज्याकडे नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून झोळीत घालून खाली आणलेल्या बाईची बातमी पावसाळ्यात येते, १९९३ पासून मेळघाट बालमृत्यूंमुळे दर काही वर्षांनी गाजतो, याचिका होतात, नवसंजीवनीसारख्या योजना येतात. त्या योजनांनी आयुष्ये किती लांबली हे मात्र मोजले जात नाही. बातमी येते तेव्हा सभागृह हळहळते, पण हळहळ पुढच्या अधिवेशनापर्यंत टिकत नाही, आकडा टिकतो.

आकडा काढायचा तर आधी मृत्यू नोंदला जायला हवा, आणि याबाबतचा माझा एक अनुभव सांगते. विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पासाठी आम्ही डोंगराकडच्या एका गावात गेलो होतो. ग्रामपंचायतीच्या मृत्युनोंदवहीत त्या वर्षी एक वर्षाखालच्या बाळाचा एकही मृत्यू नव्हता. अंगणवाडीच्या ताईंना विचारले तर त्यांनी बोटांवर मोजून दोन घरे सांगितली. त्यांतल्या एका घरातले बाळ काही तासच जगले होते आणि त्याची नोंद झालीच असती तर बहुधा ‘उपजत मृत’ म्हणून झाली असती. दुसरीकडे आई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली होती. सासरच्या गावाने नोंद माहेरावर सोडली, माहेरच्याने सासरवर. ग्रामसेवकांवर मी दोष ठेवणार नाही, कारण एकेका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावे असतात आणि मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत झाली नाही म्हणून कोणी त्यांना जाब विचारत नाही. उलट नोंद केली, आणि बालमृत्यू वाढलेले दिसले, तर मात्र वरून नक्की विचारणा होते. खरे लिहिणाऱ्याला शिक्षा आणि न लिहिणाऱ्याला शाबासकी, असा हा उफराटा कारभार आहे. २००१ च्या सुमारास राज्यातील काही स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागातील जन्म-मृत्यू घरोघर जाऊन मोजले आणि सरकारी नोंदींच्या तुलनेत बालमृत्यू कितीतरी अधिक असल्याचे दाखवले, तेव्हा सरकारला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली होती.

नोंद झाली तरी ती कुठल्या खात्यावर पडते हा पुढचा प्रश्न. आपली नागरी नोंदणी मृत्यू जिथे घडला त्या ठिकाणी होते. नंदुरबारचा अत्यवस्थ रुग्ण धुळ्याला, नाशिकला नाहीतर सीमेपलीकडे सुरतेला नेतात, गडचिरोलीचा चंद्रपूर-नागपूरला. तो तिथे दगावला तर मृत्यू त्या शहराच्या नावावर लागतो. बीडच्या ऊसतोड मजुराचा मृत्यू फडावर, दुसऱ्या जिल्ह्यात किंवा कर्नाटकात होतो. कोकणात उलटे घडते : आयुष्यभर मुंबईत राबलेला चाकरमानी म्हातारपणी गावी परततो आणि तिथे डोळे मिटतो. नुसत्या ठिकाणावरून मोजले तर धुळे, नागपूर अधिक मरणाची ठिकाणे दिसतील आणि नंदुरबार, गडचिरोली निरोगी. मृत्यूच्या विवरणपत्रात मृताच्या राहत्या पत्त्याचा रकाना आहे. त्यावरून प्रत्येक मृत्यू त्याच्या घराच्या जिल्ह्याकडे परत पाठवता येतो. नोंदणी संगणकावर आल्यानंतर हे काम पूर्वीसारखे अवघडही राहिलेले नाही.

अर्धवट आकड्याने काय होते याचे एक उदाहरण मुंबईतच आहे. शहराच्या २००९ च्या मानव विकास अहवालात गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व विभाग तळाशी होता, आणि तिथले ‘आयुर्मान ३९ वर्षे’ असा आकडा वर्षानुवर्षे भाषणांतून, लेखांतून फिरत राहिला. तो आयुर्मानाचा नव्हता, मृत्यूच्या वेळच्या सरासरी वयाचा होता. जिथे लोकसंख्या तरुण आणि मुले पुष्कळ, तिथे मृतांचे सरासरी वय कमी येणारच. तेथील खरे आयुर्मान त्याहून पुष्कळ जास्त असणार. त्या वस्तीची दुर्दशा खरी, पण ज्या मोजमापाने ती सांगितली गेली ते चुकीचे. अचूक आकडा प्रशासनाने छापला नाही की त्याची जागा ऐकीव आकडा घेतो, आणि मग ज्याला प्रश्न नाकारायचाच आहे त्याला तो आकडा खोडून प्रश्नही खोडता येतो.

आता मोठ्यांच्या मृत्यूंकडे वळते, कारण पुढची लढाई तिथे आहे. वरचाच हिशेब पुढे नेला तर २०१४-१८ च्या सारणीत पहिला वाढदिवस गाठलेल्या बाळाचे उरलेले आयुर्मान ७३ च्या आसपास येते. समजा उद्यापासून राज्यात एकही अर्भक दगावले नाही, तरी राज्याचे आयुर्मान ७४ च्या जवळ जाऊन थांबेल. जास्तीत जास्त दीड वर्षाची भर. अर्भक मृत्युदर २०२० मध्ये १६ वर आला असल्याने ही जागा आता आणखी अरुंद झाली आहे. नंदुरबार-मेळघाटात बाळे वाचवण्याचे काम अजून कितीतरी बाकी आहे, पण संपूर्ण राज्याने केरळ गाठायचा असेल तर चाळिशी ते सत्तरीतले मृत्यू टाळावे लागतील. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, चुलीचा आणि विडीचा धूर घेतलेली फुप्फुसे, क्षयरोग, तंबाखूने होणारे तोंडाचे कर्करोग, दारू, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, आणि दरवर्षी १५ हजारांहून अधिक बळी घेणारे राज्यातले रस्ते, ही ती यादी. तिचा ठसा पुरुषांवर अधिक दिसतो. १९७०-७५ मध्ये महाराष्ट्रात पुरुषांचे आयुर्मान ५३.३ आणि स्त्रियांचे ५४.५ होते, जेमतेम सव्वा वर्षाचा फरक. २०१०-१४ मध्ये पुरुष ६९.९ वर आणि स्त्रिया ७३.६ वर होत्या. बाळंतपणातले मृत्यू कमी झाले हे त्यामागचे चांगले कारण. कर्त्या वयातले पुरुष रस्त्यावर, व्यसनात आणि न मोजलेल्या रक्तदाबात जातात हे दुसरे. मृत्यूच्या विवरणपत्रात मृत व्यक्ती तंबाखू, दारू किती वर्षे घेत होती हे विचारणारे रकाने आहेत. ते किती घरांत मनापासून भरले जातात, हे आपण एकदा आपल्या तालुक्यात जाऊन पाहावे.

एक अवांतर, तरी विषयाला धरूनच. राज्य कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ वरून ६० करावे या मागणीच्या बाजूने आणि विरोधात, दोन्हीकडून आयुर्मानाचा दाखला दिला जातो. ‘लोक बहात्तर वर्षे जगतात, म्हणजे निवृत्तीनंतर चौदा वर्षे’ हे गणित चूक आहे. जो साठीपर्यंत पोचला तो जन्मापासूनचे सगळे धोके मागे टाकून पोचलेला असतो. देशाच्या सारणीत साठाव्या वर्षी उरलेले आयुर्मान सुमारे अठरा वर्षे आहे. निवृत्तिवेतन, श्रावणबाळ योजना, वृद्धांची औषधे यांचा ताळेबंद मांडताना हा आकडा लागतो. मागणीच्या गुणदोषांत मी पडत नाही.

कोविडच्या काळाने या मालिकेचे आणखी एक वैगुण्य दाखवले. राज्यात अधिकृत नोंदीनुसार १ लाख ४८ हजारांच्या आसपास माणसे त्या साथीत गेली, देशात सर्वाधिक. पण सारण्या पाच-पाच वर्षांच्या सरासरीने निघतात. २०१६-२० च्या सारणीत साथीचे एकच वर्ष येते आणि चार बऱ्या वर्षांत ते विरघळते. २०२१ चा घावही असाच पाच सारण्यांत वाटला जाईल. दीर्घ कल पाहण्यासाठी ही सरासरी योग्यच आहे, पण कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या वयाची माणसे आपण गमावली हे तिच्यातून कधीच कळणार नाही.

हे सगळे करायला राज्य सरकारला जमेल का? जमेल. पुण्याच्या वढू परिसरात के. ई. एम. रुग्णालयाचे संशोधन केंद्र आणि गडचिरोलीत ‘सर्च’ यांनी गावोगावचे जन्म-मृत्यू वर्षानुवर्षे नोंदून दाखवले आहेत. पद्धत सिद्ध आहे. लोकसंख्येचा आकारही आड येत नाही. गडचिरोलीची लोकसंख्या २०११ मध्ये पावणेअकरा लाखांच्या आसपास होती. हजारी सहा मृत्यू धरले तरी वर्षाला सहा हजारांवर आणि पाच वर्षांत तीस हजारांवर मृत्यू होतात. एवढ्या मृत्यूंवर विश्वासार्ह आयुर्मान-सारणी उभी राहते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली असून नोंदी संगणकीकृत झाल्या आहेत आणि मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी अधिक स्पष्ट झाली आहे. उणीव होती ती छेदाची, म्हणजे वयवार लोकसंख्येची, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. त्या गणनेतून जिल्हावार वय-लिंगनिहाय लोकसंख्या हाती येईल तेव्हा तिच्याशी जुळतील असे, राहत्या पत्त्याप्रमाणे लावलेले मृत्यूही तयार असायला हवेत. ते काम गणनेनंतर सुरू केले तर आणखी काही वर्षे हातची जातील. मृत्युनोंदीत जमात लिहिली जात नाही, तरी अनुसूचित क्षेत्रातल्या गावांचे मृत्यू पत्त्यावरून वेगळे काढता येतात. त्यावरून निदान त्या क्षेत्राचे आयुर्मान सांगता येईल.

एक धोक्याची सूचना आधीच देऊन ठेवते. नोंदणी सुधारली की पहिली दोन-तीन वर्षे मृत्यू वाढलेले दिसतील, आणि ते सर्वांत जास्त तिथे दिसतील जिथे आजवर लपलेले होते. त्या वर्षी कृपा करून त्या जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला सभागृहाच्या पिंजऱ्यात उभे करू नका. विरोधी बाकांवरील सदस्यांना ही विनंती अधिक आग्रहाने, कारण मोह त्यांना अधिक होईल. ज्या तालुक्यात शून्य बालमृत्यू छापून येतील, त्या तालुक्याला आधी जाब विचारावा.

सभागृहात मांडता यावा म्हणून तारांकित प्रश्नाचा एक मसुदा सोबत जोडत आहे. आपल्यापैकी कोणीही तो आपल्या नावाने, हवे ते बदल करून द्यावा :

“राज्याच्या नागरी नोंदणीतील मृत्यूंच्या नोंदी मृताच्या राहत्या पत्त्याप्रमाणे जिल्हानिहाय लावण्याचे काम अर्थ व सांख्यिकी संचालनालय आणि सार्वजनिक आरोग्य विभाग यांनी हाती घेतले आहे काय; असल्यास, सर्व ३६ जिल्ह्यांची आणि अनुसूचित क्षेत्राची स्त्री-पुरुषनिहाय आयुर्मान-सारणी, जन्माच्या वेळचे तसेच वयाच्या ४० व्या आणि ६० व्या वर्षीचे अपेक्षित आयुर्मान दर्शवून, कोणत्या वर्षीच्या आर्थिक पाहणीत प्रसिद्ध होणार आहे; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

आपली विश्वासू,
संख्याशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
धुळे